सासूबाईंचे पडणे आणि औषधांची पिशवी

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. आम्ही कराडजवळ राहतो. गेल्या चार महिन्यांत त्या दोनदा पडल्या. पहिल्यांदा पहाटे बाथरूमला जाताना दारातच कोसळल्या, सुदैवाने मुका मार लागण्यावर निभावले. दुसऱ्यांदा सकाळची पूजा आटोपून पाटावरून उठताना तोल गेला आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. त्यांना बीपीसाठी ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, पायांवर सूज येते म्हणून वर्षभरापासून लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड), मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन, शिवाय ॲस्पिरिन आणि ॲसिडिटीची गोळी चालू आहे. सासरे गेल्यापासून झोपेसाठी अल्प्राझोलाम घेतात. पहिल्यांदा पडल्या तेव्हा चक्करेवर म्हणून प्रोक्लोरपेराझिन सुरू झाले, ते अजून चालू आहे. गुडघे फार दुखले की ट्रॅमाडॉल असलेली गोळी घेतात, सर्दी झाली की दुकानातून आणलेली. घरातले म्हणतात, वय झाले की माणूस पडणारच. नणंदबाई म्हणतात, हे सगळे गोळ्यांमुळे होते आहे, बीपीची गोळी बंद करून टाका. खरेच औषधांमुळे माणूस पडतो का? कोणती गोळी बंद करावी? आणि आता त्यांना एकटीने चालू द्यावे की नाही?

उत्तर : औषधांची संपूर्ण यादी लिहून पाठवलीत, हे फार चांगले केलेत; बहुतेक पत्रांत ‘बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत’ एवढेच असते आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुमच्या नणंदबाईंची शंका रास्त आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय धोक्याचा आहे. बीपीचे औषध परस्पर बंद केले तर रक्तदाब वाढून पक्षाघाताची वेळ येऊ शकते, आणि अल्प्राझोलाम एकाएकी थांबवले तर झोप उडणे, जीव घाबरा होणे, हात थरथरणे आणि क्वचित झटके येणे असे प्रकार होतात. त्यामुळे हे उत्तर वाचून आज रात्री एकही गोळी बंद करू नका. मात्र ‘वय झाले की पडणारच’ हेही मुळीच मान्य करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. नजर मंदावते, गुडघे झिजतात, पायांतली ताकद कमी होते, फरशी ओली असते, अशी पडण्याची कारणे पुष्कळ आहेत; पण त्यांतली बरीचशी आपल्या हातात नसतात किंवा सुधारायला महिनोन्‌महिने लागतात. औषधे हे असे कारण आहे की जे नीट तपासले तर थोड्याच दिवसांत बदलता येते, म्हणून घरातले वयस्कर माणूस पडले की सर्वांत आधी त्याच्या सगळ्या गोळ्या एकत्र ठेवून पाहाव्यात असे माझे ठाम मत आहे.

तीच गोळी, तेवढ्याच मात्रेत, दहा वर्षे निमूट सोसली आणि आता कशी बाधेल, असा प्रश्न तुमच्या घरात निघेल. गोळी तीच असली तरी शरीर तेच राहिलेले नसते. वयाबरोबर मूत्रपिंडे आणि यकृत औषध बाहेर टाकायला जास्त वेळ घेतात, शरीरातले पाण्याचे प्रमाण घटते आणि चरबीचे वाढते, त्यामुळे चरबीत साठणारी औषधे अंगात रेंगाळतात. मेंदूही गुंगी आणणाऱ्या औषधांना अधिक संवेदनशील होतो. पंचावन्नाव्या वर्षी बेताची असलेली मात्रा पंचाहत्तरीला जास्त ठरते, आणि चिठ्ठीवर मात्र ती वर्षानुवर्षे तशीच पुढे लिहिली जाते.

आता पाटावरून उठतानाच्या पडण्याकडे पाहू, कारण तुमच्या पत्रातला तो सर्वांत बोलका तपशील आहे. आपण खाली बसून एकदम उभे राहिलो की गुरुत्वाकर्षणाने बरेचसे रक्त पायांकडे आणि पोटाकडे जाते. तरुणपणी रक्तवाहिन्या लगेच आकुंचन पावतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि मेंदूकडचा पुरवठा टिकून राहतो. उतारवयात ही यंत्रणा मंदावते आणि काही औषधे तिला आणखी मंद करतात. सासूबाईंच्या यादीत ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही चारही औषधे उभे राहताना रक्तदाब खाली आणू शकतात. त्यात उन्हाळा असेल, पाणी कमी प्यायले असेल किंवा जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर दाब आणखी घसरतो. दवाखान्यात बीपी मोजतात ते बहुधा खुर्चीत बसवून, त्यामुळे तिथे आकडा ठीक येतो आणि ही घसरण कोणाच्या लक्षातच येत नाही.

ती घरी मोजता येते. दंडावर पट्टा बांधायचे चांगले डिजिटल यंत्र घ्या. सकाळी सासूबाईंना पाच मिनिटे शांत आडवे झोपवा आणि रक्तदाब मोजा. मग पट्टा तसाच ठेवून त्यांना उभे करा, शेजारी कोणीतरी धरायला असू द्या, आणि उभे राहिल्यावर एका मिनिटाने व पुन्हा तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर उभे राहताना रक्तदाब घसरतो असे वैद्यकशास्त्रात धरले जाते. उदाहरणार्थ, झोपून १४२/८० आणि उभे राहून ११६/७०. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसवा. सलग तीन-चार दिवस, शक्यतो गोळ्या घेतल्यानंतर दोनेक तासांनी, हे आकडे वेळेसकट वहीत लिहा. ही वही डॉक्टरांपुढे ठेवलीत, तर बीपीची कोणती गोळी कमी करायची, कोणती वेगळ्या वेळी द्यायची किंवा काहीच बदलायचे नाही, हे त्यांना अंदाजावर न ठरवता आकड्यांवरून ठरवता येईल. (घरातल्या पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन चालू असेल, तर त्यांचीही अशीच मोजणी करावी, विशेषतः प्राझोसिनच्या अगदी पहिल्या मात्रेनंतर उभे राहताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.)

पहाटेच्या पडण्याची कथा वेगळी आहे, आणि ती बहुधा पायांच्या सुजेपासून सुरू होते. ॲम्लोडिपिन घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या घोट्यांवर सूज येते. तो त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. लहान रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे द्रव आजूबाजूच्या पेशींमधल्या जागेत झिरपतो, शरीरात पाणी जास्त झालेले नसते, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. पण लघवी मात्र वाढते. ती गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री दोन-तीनदा उठावे लागते, आणि अंधारात, अर्धवट झोपेत, घाईने बाथरूम गाठायचे असते. एका गोळीचा परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी सुरू होते आणि तिच्या परिणामावर तिसरी, ही साखळी मी इतक्या घरांत पाहिली आहे की पायांना सूज म्हटले की मी आधी ॲम्लोडिपिनची मात्रा विचारतो. अर्थात सूज हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या विकारामुळेही येते, तेव्हा ते तपासल्याशिवाय लघवीची गोळी बंद करता येणार नाही. डॉक्टरांना सरळ विचारा : ही सूज ॲम्लोडिपिनची असू शकते का, तसे असेल तर त्याची मात्रा कमी करता येईल का, आणि लघवीची गोळी द्यायचीच असेल तर ती सकाळी देता येईल का?

त्याच पहाटे अंगात अल्प्राझोलामही होते. माझ्या मते तुमच्या यादीतली ही सर्वांत काळजी करण्यासारखी गोळी आहे, आणि घरातल्यांच्या लेखी मात्र ती सर्वांत निरुपद्रवी असते, कारण ती इवलीशी असते आणि तिने आईला शांत झोप लागते. तरुण माणसाच्या रक्तात तिची मात्रा निम्मी व्हायला सुमारे ११ तास लागतात, वयस्कर माणसात सुमारे १६ तास. म्हणजे रात्री नऊला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजताही निम्मी शिल्लक असते आणि त्यावर रात्री नवी पडते. तिच्यामुळे स्नायू सैल होतात, तोल सावरायला लागणारी चपळाई जाते, ठेच लागली तर पाय पुढे टाकायला उशीर होतो, आणि त्या उशिरामुळेच खुब्याचे हाड मोडते. झोपेच्या इतर गोळ्याही यातून सुटत नाहीत. झॉल्पिडेम घेणाऱ्या स्त्रियांच्या अंगात सकाळपर्यंत औषध उरते असे दिसल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडे ही दोन्ही औषधे ‘एच१’ परिशिष्टात आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे ती आणली जातात, हे आपण सारेच जाणतो.

सासऱ्यांच्या जाण्यानंतरच्या दिवसांत ही गोळी कोणी दिली असेल, तर त्या वेळी ती योग्यच असेल. दुःखाच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी सुरू केलेले औषध पुढे कोणीच बंद केले नाही, एवढेच झाले. ते बंद करता येते, मात्र सावकाश : साधारणपणे दोन आठवड्यांनी पाव मात्रा कमी करत, आणि शेवटी शेवटी त्याहूनही हळू. नेमके वेळापत्रक डॉक्टरांनीच आखून द्यायला हवे. कॅनडात अशाच औषधांवर असलेल्या वृद्धांना गोळीचे धोके आणि ती कमी करण्याची रीत समजावणारी साधी पुस्तिका देण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांत २७ टक्के जणांनी गोळी पूर्ण सोडली, पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. तेव्हा ‘आता या वयात सवय सुटायची नाही’ असे धरून चालू नका. पण सासूबाईंना नीट समजावून सांगा, त्यांच्या नकळत गोळी बदलू नका. झोपेबद्दलही थोडे बोला. वयाबरोबर झोप हलकी होते आणि लवकर येऊन लवकर उघडते. साडेआठला अंथरुणावर पडणाऱ्या बाईंना साडेतीनला जाग आली, तर त्यांची सात तास झोप झालेली असते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणे, संध्याकाळनंतर चहा न घेणे आणि रात्री थोडे उशिरा झोपणे, यांनी बराच फरक पडतो. मनातली खंत अजून तशीच असेल, रडू येत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याचे वेगळे उपचार आहेत. झोपेची गोळी त्यावरचा उपाय होत नाही.

प्रोक्लोरपेराझिनबद्दल मला अगदी स्पष्ट लिहावेसे वाटते. पडण्याच्या भीतीने सुरू झालेले हे औषध स्वतःच पडण्याचे कारण होऊ शकते. उलट्या किंवा गरगरण्याच्या तीव्र त्रासात ते दोन-चार दिवस द्यायचे असते. महिनोन्‌महिने घेतले तर ते मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे काम अडवते आणि माणसात कंपवातासारखी लक्षणे दिसू लागतात : चाल मंदावते, पाय घासत पडतात, वळताना चार-पाच छोटी पावले टाकावी लागतात, चेहऱ्यावरचे हावभाव कमी होतात, हात आखडतात. चक्करेवर दिले जाणारे सिनारिझिनही दीर्घकाळ घेतल्यास असेच करू शकते. सासूबाई चालताना नीट पाहा. हात पूर्वीसारखे झुलतात का, खुर्चीवरून उठायला जास्त वेळ लागतो का, अक्षर बारीक झाले आहे का. यातले काही दिसले तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषध थांबवल्यावर ही लक्षणे बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. नाहीतर कंपवाताचे निदान होऊन त्याचीही गोळी सुरू होते.

मधुमेहाच्या गोळ्यांत मेटफॉर्मिनने एकटे साखर सहसा फार खाली जात नाही, ग्लिमेपिराइडने जाते. जेवणाची वेळ टळली की हा धोका वाढतो, आणि आपल्याकडे तो उपवासांच्या दिवशी दिसतो. सासूबाई संकष्टी करत असतील आणि सकाळची गोळी घेऊन रात्री चंद्रोदयापर्यंत जवळपास उपाशी राहत असतील, तर त्या दिवशी साखर ७० च्या खाली येणे सहज शक्य आहे. तरुणांना अशा वेळी घाम फुटतो आणि धडधडते. वृद्धांमध्ये कधी फक्त गोंधळल्यासारखे होते, बोलणे अडखळते, पाय लटपटतात. तेव्हा पडण्याच्या दोन्ही दिवशी त्यांनी काय आणि कधी खाल्ले होते हे आठवून लिहा, आणि उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८ च्या आत असले तरी पुरेसे आहे असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. तुमच्याकडचा ताजा आकडा साडेसहा असेल, तर ‘शुगर एकदम छान आहे’ म्हणून आनंद मानण्याआधी औषध जास्त होत नाही ना, हे विचारायला हवे. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी ही दोन्ही दीर्घकाळ चालू असतील तर ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, त्यामुळे पायांना मुंग्या येतात आणि जमिनीचा अंदाज चुकतो. ती रक्ततपासणी करून घ्या, आणि सोबत सोडियमचीही, कारण लघवीच्या गोळ्यांनी ते खाली जाते.

ट्रॅमाडॉलने गुंगी येते, आणि अल्प्राझोलामसोबत ते घेणे धोक्याचे आहे. गुडघ्यांसाठी साधे पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालेल का ते विचारा. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असते. त्याने डुलकी येते, तोंड कोरडे पडते, लघवी अडते आणि वृद्धांना भ्रमही होतो. वाफ आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांवर भागत असेल तर ती नकोच. सांधेदुखीवरच्या निनावी पुड्या कोणी आणून देत असेल तर त्याही थांबवण्याविषयी डॉक्टरांशी बोला, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने हाडे ठिसूळ आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, आणि स्टेरॉइड असेल तर तेही एकदम बंद करता येत नाही.

हे सगळे कोणाकडे न्यायचे, हा पुढचा प्रश्न. बीपीचे डॉक्टर एक, गुडघ्याचे दुसरे, झोपेची गोळी तिसऱ्यांनी दिलेली, अशा स्थितीत प्रत्येक जण आपापल्या गोळीपुरते पाहतो. सगळ्या गोळ्या मिळून एकच माणूस घेतो, म्हणून त्या सगळ्या मिळून कोणीतरी एकानेच पाहायला हव्यात. तुमचे फॅमिली डॉक्टर असतील तर तेच उत्तम, नाहीतर मेडिसिनचे तज्ज्ञ. त्यांच्याकडे केवळ याच कामासाठी वेळ मागून घ्या आणि जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून न्या : फ्रिजवरची, उशाखालची, देवघरातल्या डब्यातली, थेंब, मलमे, काढे, चूर्णे, सगळी. स्ट्रिपा जशाच्या तशा न्या. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर कित्येकदा औषधाचे नावही उरलेले नसते, तर कधी दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपांत एकच औषध निघते आणि माणूस नकळत दुप्पट मात्रा घेत असतो. प्रत्येक गोळीपुढे ती कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केली, आणि सासूबाई ती खरोखर केव्हा घेतात, हे लिहा. चिठ्ठीवरची वेळ आणि प्रत्यक्ष घेण्याची वेळ बरेचदा जुळत नाही. वृद्धांना कोणती औषधे टाळावीत याची बीअर्स निकष नावाची यादी १९९१ पासून आहे, अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीने ती २०२३ मध्ये पुन्हा सुधारली आणि तीत अल्प्राझोलामच्या गटातली औषधे आहेत. डॉक्टरांना ती परिचित असते, त्यामुळे तुमच्या विचारण्याचा त्यांना राग येईल अशी धास्ती बाळगू नका. बदल मात्र एका वेळी एकाच गोळीत करावा, म्हणजे कशामुळे काय फरक पडला ते कळते. तुमच्या यादीत मी स्वतः प्रोक्लोरपेराझिनपासून सुरुवात केली असती, पाठोपाठ लघवीच्या गोळीची वेळ पाहिली असती आणि अल्प्राझोलामचे कमी करणे त्यानंतर हाती घेतले असते.

ॲस्पिरिनने माणूस पडत नाही, पण पडल्यावर रक्तस्राव वाढू शकतो. सासूबाई पुन्हा पडल्या आणि डोक्याला मार लागला, तर त्या ठीक दिसत असल्या तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पुढच्या काही आठवड्यांत डोके दुखत राहणे, झोपाळलेपण, बोलण्यात गोंधळ किंवा एका बाजूचा हात-पाय कमजोर वाटणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच न्या, कारण मेंदूवर रक्त हळूहळू साठून त्रास उशिरा दिसू शकतो. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना ही सूचना अधिकच लागू आहे. मनगट किरकोळ पडण्याने मोडले आहे, तेव्हा हाडांच्या ठिसूळपणाची तपासणीही करून घ्या.

राहिला एकटीने चालण्याचा प्रश्न. त्यांना बसवून ठेवू नका. पडण्याच्या भीतीने चालणे बंद झाले की मांड्यांची ताकद काही आठवड्यांत घटते आणि मग पडणे आणखी सोपे होते. दिवसा घरात आणि अंगणात त्यांना एकटीने वावरू द्या, पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल असू द्या, पूजेसाठी पाटाऐवजी खुर्ची द्या, आणि उठण्यापूर्वी पावले दहा-बारा वेळा वर-खाली हलवून मग आधार धरून उभे राहायची सवय लावा. रात्री मात्र, अल्प्राझोलाम पूर्ण सुटून आणि उभे राहतानाचा रक्तदाब सलग दोन आठवडे स्थिर दिसेपर्यंत, बाथरूमला जाताना कोणीतरी सोबत जावे. त्यांच्या हाताशी एक घंटी ठेवा आणि हाक मारायला त्यांना संकोच वाटणार नाही, असे त्यांच्याशी बोलून ठेवा. मनगट पूर्ण बरे झाले की फिजिओथेरपिस्टकडून तोल सावरण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत; ते आठवड्यातून किमान तीन दिवस व्हायला हवेत आणि सुरुवातीला तुमच्यापैकी कोणीतरी समोर उभे असावे.